डॅटसन २८०झेडवर तीन वेबर : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

वेबर ४० डीसीओई जातीचे, प्रत्येकी दोन तोंडांचे तीन कार्बोरेटर, त्यांना इंजिनाशी जोडणारे अॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड, थ्रॉटलची जोडणी आणि गॅसकेट असा संच मी माझ्या १९७५ सालच्या डॅटसन २८०झेड गाडीवर बसवला, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली आहेत. या काळात गाडी सुमारे नऊ हजार मैल धावली. त्यात एक उन्हाळा मूळ इंजिनावर गेला आणि त्यापुढचा सगळा काळ बोअर वाढवून, कॉम्प्रेशन चढवून, नवा कॅमशाफ्ट घालून बांधलेल्या इंजिनावर गेला. एकाच संचाची अशी दोन वेगवेगळ्या इंजिनांवर परीक्षा झाल्यामुळे हा अभिप्राय लिहावासा वाटला. निकाल आधीच सांगते: कार्बोरेटर उत्तम आहेत, पण सोबत येणारे बाकीचे सामान तितक्या काळजीने केलेले नाही, आणि निव्वळ कार्बोरेटर बदलून अश्वशक्ती मोठ्या प्रमाणात वाढेल अशी अपेक्षा ठेवून कोणी पैसे घालणार असेल, तर त्याने आधी पुढचा मजकूर वाचावा.

मी मूळची चिंचवडची, आता बरीच वर्षे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहते. गाडी निवडताना १९७५ हे साल मी मुद्दाम पाहिले, कारण या राज्यात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांची स्मॉग तपासणी करावी लागत नाही. २८०झेड १९७५ ते १९७८ या काळात विकली गेली, म्हणजे तिच्या पहिल्याच वर्षाची गाडी या सवलतीत बसते आणि पुढच्या तिन्ही वर्षांच्या बसत नाहीत. भारतातल्या वाचकांनी मात्र येथील मोकळीक तिकडे गृहीत धरू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तिकेतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, त्यामुळे काम हातात घेण्याआधी आरटीओत चौकशी करणे आवश्यक आहे.

डॅटसन हे निसानचेच नाव, आणि या गाडीचे इंजिन म्हणजे निसानचे एल२८. एका रांगेत सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, साखळीवर चालणारा एकच वरचा कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि क्रँकला सात मेन बेअरिंग. बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ७९ मिलिमीटर, क्षमता २७५३ घनसेंटिमीटर. याच घराण्यातले २४०झेडचे धाकटे इंजिन २३९३ घनसेंटिमीटरचे होते. १९७० आणि १९७१ साली पीट ब्रॉक यांच्या संघाच्या २४०झेडने जॉन मॉर्टन यांच्या हातून अमेरिकेतील एससीसीए या मोटार शर्यतींच्या संघटनेचे सी-प्रॉडक्शन गटाचे अजिंक्यपद जिंकले, आणि १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहता यांनी २४०झेडमधूनच जिंकली. युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या माणसाने ही रॅली जिंकली हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून विषय थोडा बाजूला ठेवून ही नोंद केली.

सहा सिलिंडर एका ओळीत असले की पिस्टनांच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारी बले एकमेकांना पुरती छेदतात आणि क्रँकच्या दर १२० अंशांना एक स्फोट होतो. म्हणूनच असे इंजिन बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा इतके शांत चालते. पण या रचनेची एक अडचणही आहे. इंजिन लांब असल्यामुळे एकाच तोंडातून आत येणारी हवा पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरला मधल्या सिलिंडरांइतकीच मिळेल याची खात्री नसते. एखाद्या सिलिंडरचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आणि शेजारच्याचे घट्ट (पेट्रोल जास्त) राहिले, तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सर्वांत दुबळ्या सिलिंडरला झेपेल इतकेच पुढे नेता येते आणि उरलेल्या पाचांची ताकद वाया जाते. तीन दुहेरी कार्बोरेटर लावण्याचे खरे कारण हे आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे व्हेंचुरी (हवेची अरुंद वाट), स्वतःचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) आणि स्वतःचा थ्रॉटल (हवेची झडप) मिळतो. मूळ गाडीवर बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीचे इंजेक्शन होते. त्या काळच्या मानाने ते फार चांगले होते, परंतु हवा मोजणारे त्याचे झाकण आणि त्याचा अॅनालॉग संगणक मूळ कॅमशाफ्टच्या श्वासाला जुळवलेले असतात. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घातला की हवेचे हेलकावे त्या झाकणापर्यंत पोचतात आणि मोजमाप चुकू लागते. मी ते सगळे इंजेक्शन, वायरिंगच्या पट्ट्यासकट, चिठ्ठ्या लावून खोक्यांत जपून ठेवले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बाबांना विचारले. ते पिंपरीच्या एका कारखान्यात बोअरिंग मशीनवर तीस वर्षे होते आणि घरची स्कूटर त्यांनी कधी बाहेर दुरुस्तीला दिली नाही. त्यांचे म्हणणे होते, “अगं, आधी इंजिन ठणठणीत आहे का ते बघ. आजारी माणसाला तालमीत पाठवून काय उपयोग?” त्याप्रमाणे सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, ते १५० ते १६० पीएसआयच्या दरम्यान भरले. टॅपेट गरम इंजिनावर इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर लावले, प्लग आणि वायरी बदलल्या आणि शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डायनोवर, गाडी चढवली. मागच्या चाकांवर ११६ अश्वशक्ती मिळाली. पुढच्या सर्व हिशेबाचा पाया हा आकडा आहे.

आता संचाविषयी. कार्बोरेटर खोक्यातून काढले की त्यांच्या घडणीचा दर्जा हातालाच कळतो. थ्रॉटलची दांडी बेअरिंगवर फिरते, कुठे अडखळत नाही, आणि बंद केल्यावर झडपांच्या कडेने प्रकाशाची बारीक रेघ सहाही नळ्यांत सारखी दिसते. जेट वरचे गोल झाकण काढून दोन मिनिटांत बदलता येतात, कार्बोरेटर गाडीवरून उतरवावा लागत नाही. पन्नासहून अधिक वर्षे जगभर वापरात असल्यामुळे या कार्बोरेटरचा प्रत्येक सुटा भाग आजही मिळतो, आणि हे मला फार मोलाचे वाटते. जपानी मिकुनी पीएचएच जातीचे कार्बोरेटर याच गाड्यांवर उत्तम चालत, पण त्यांचे उत्पादन थांबल्यामुळे जुने, झिजलेले संच शोधत फिरावे लागते.

मॅनिफोल्ड आणि जोडणी मात्र वेगळ्या विक्रेत्याने एकत्र बांधलेली होती. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार त्याला कळवली तेव्हा त्याने पैशांचा काही भाग परत केला. एल२८ च्या हेडमध्ये हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशी दोन्ही तोंडे एकाच बाजूला आहेत. दोन्ही मॅनिफोल्डांना मिळून एकच गॅसकेट असते, आणि मधले काही स्टड असे आहेत की त्यांच्यावरचा एकच जाड वॉशर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही फ्लँजना, म्हणजे मॅनिफोल्डांच्या जोडपट्ट्यांना, एकदम दाबतो. म्हणून दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असणे अत्यावश्यक आहे. माझ्या संचाची इनटेक फ्लँज हेडरच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) फ्लँजपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटरने पातळ होती, आणि हे मी बसवण्यापूर्वी मोजले नव्हते. इंजिन सुरू झाले, पण आयडलला रेस आपोआप चढायची-उतरायची, पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके वाजायचे आणि तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरचे प्लग चुन्यासारखे पांढरे निघायचे. तीन दिवस मी जेटमध्ये दोष शोधत होते.

शेवटी व्हिडिओ कॉलवर बाबांना इंजिनाची ती बाजू दाखवली. त्यांनी मोबाईल जवळ न्यायला सांगितले, आणखी जवळ न्यायला सांगितले, आणि म्हणाले, “तो वॉशर वाकडा बसलाय. त्याला पायरी काढ.” वॉशरची एक कड हेडरच्या जाड फ्लँजवर टेकली होती आणि दुसरी कड इनटेकच्या फ्लँजला पुरेशी पोचतच नव्हती. तेथूनच फुकटची हवा आत शिरत होती. गार इंजिन सुरू करून सांध्यावर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी लहानसा फवारा मारला तेव्हा आयडल लगेच बदलले आणि शंका उरली नाही. येथील एका लहान मशीन शॉपमध्ये एका बाजूला पायरी असलेले वॉशर बनवून घेतले, आणि त्यानंतर हा त्रास पुन्हा झाला नाही. संच घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी कॅलिपर घेऊन दोन्ही फ्लँज मोजाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या दाबाची. इंजेक्शनचा मूळ पंप सुमारे ३६ पीएसआय दाबाने पेट्रोल ढकलतो, तर वेबरच्या सुईला तीन ते साडेतीन पीएसआयच्या वर दाब सोसत नाही. मूळ पंप तसाच ठेवला तर पेट्रोल वरून ओसंडून थेट गरम हेडरवर पडेल, म्हणून कमी दाबाचा पंप आणि रेग्युलेटर हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. संचाच्या किमतीत तो धरलेला नसतो. संचाला मला सुमारे अठराशे डॉलर लागले; हेडर, पंप, रेग्युलेटर, उष्णता अडवणारा पत्रा आणि मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर यांना आणखी जवळजवळ अकराशे. शिवाय जेटचा कोणताही बदल सहा जेटचा असतो हे विकत घेताना लक्षात येत नाही. योग्य मापे सापडेपर्यंत माझ्याकडे जेटची एक पेटी भरली.

विक्रेत्याने आत घालून दिलेली मापे केवळ सुरुवातीपुरती असतात. माझ्या संचात ३० चे चोक, ११५ चे मेन जेट आणि ४५ चे आयडल जेट होते आणि गाडी सर्वत्र पातळ मिश्रणावर चालत होती. येथे चोक हा शब्द आपल्या स्कूटरच्या चोकच्या अर्थाने घेऊ नये. वेबरमध्ये हवेची वाट अरुंद करणाऱ्या आतल्या कड्याला चोक म्हणतात आणि त्याचे माप मिलिमीटरमध्ये असते. त्या मापाला चाराने गुणले की मेन जेटचा पहिला अंदाज मिळतो. मी आज ३२ चे चोक, १३० चे मेन जेट, १८० चे एअर करेक्टर, एफ-११ इमल्शन ट्यूब आणि ५५ चे आयडल जेट वापरते. पूर्ण थ्रॉटलला मिश्रणातले हवा-पेट्रोलचे प्रमाण १२.७ ला १ च्या आसपास राहते.

पण खरी मेहनत मेन जेटवर नाही, आयडल जेटवर करावी लागते. नाव आयडल असले तरी गाडी उभी असतानाच त्याचे काम असते असे नाही. थ्रॉटलची झडप थोडी उघडली की ती कार्बोरेटरच्या भिंतीतली बारीक छिद्रे एकामागून एक मोकळी करते, आणि मेन जेट हाती घेईपर्यंत इंजिनाला त्या छिद्रांतूनच पेट्रोल मिळते. माझ्या चार गिअरच्या गाडीत ताशी ६५ मैल वेगाला इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांच्या आसपास फिरते, म्हणजे सपाट महामार्गावरचा सगळा प्रवास याच छिद्रांवर होतो. आयडल जेट चुकला तर गाडी शहरात झटके देते आणि महामार्गावर रखडते. तिन्ही कार्बोरेटरांतून जाणारी हवा सारखी करायला सिंक्रोमीटर नावाचे लहान यंत्र मिळते. पहिल्या दिवशी पुढच्या कार्बोरेटरवर ते पाच दाखवत होते आणि मागच्यावर आठ. जोडणीच्या दांड्या तासभर फिरवून तिन्ही साडेसहावर आणले, तेव्हा इंजिनाचा आवाज कोणीतरी खोकणे थांबवावे तसा एकदम स्वच्छ झाला.

एवढे करून पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी डायनोवर आकडा आला १२९. हेडर धरून तेराच अश्वशक्ती वाढली, आणि ज्यांना केवळ आकडा हवा आहे त्यांच्यासाठी हा अनुभव महत्त्वाचा आहे. पाय टेकताच गाडी जी झेप घेते ती पूर्वी नव्हती, पिकअप सुखावणारा झाला, पण ५००० च्या वर इंजिन दमायचे. मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण ८.३ ला १ आणि कॅमशाफ्ट सौम्य होता. तोंड मोठे केले तरी घासच लहान असेल तर ताकद येणार कुठून?

म्हणून त्या हिवाळ्यात इंजिन उतरवले. बोअर ८७ मिलिमीटर केला, त्यामुळे क्षमता २८१८ घनसेंटिमीटर झाली. खळगा असलेल्या मूळ पिस्टनांच्या जागी सपाट माथ्याचे पिस्टन घातले. हेड एन४२ क्रमांकाचेच ठेवले. त्याच्या ज्वलनकक्षाचे माप पुस्तकात ४४.६ घनसेंटिमीटर दिलेले आहे, तरी मी काचेची नळी आणि अॅक्रिलिकचा तुकडा घेऊन सहाही कक्ष मोजले आणि सर्वांत लहान कक्ष घासून ते अर्ध्या घनसेंटिमीटरच्या आत सारखे केले. एका सिलिंडरची क्षमता ४६९.६ घनसेंटिमीटर, कक्ष आणि गॅसकेट मिळून उरणारी जागा ५२ च्या आसपास, म्हणजे कॉम्प्रेशन जवळपास १० ला १. येथील ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर या हेडला यापुढे नेणे मला धोक्याचे वाटले, कारण त्याच्या उघड्या कक्षात मिश्रण घुसळून निघत नाही आणि इंजिन लवकर नॉक करते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात. ठिणगीचा एकूण अॅडव्हान्सही ३४ अंशांवर थांबवला.

कॅमशाफ्ट जुनाच घासून नवा आकार दिलेला घेतला. अशा कॅमचा मूळ गोल लहान होतो, त्यामुळे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर कॅम जेथे घासतो ती जागा सरकते. ती मध्यावर आणण्यासाठी व्हॉल्व्हच्या टोकावरचे लॅश पॅड जाड घालावे लागतात. रॉकरला निळी शाई लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहायचे. बाराही रॉकरवर पुसलेला पट्टा मधोमध येईपर्यंत माझे दोन शनिवार गेले. हे काम टाळले तर कॅम आणि रॉकर काही हजार मैलांत खाऊन जातात. वेबरविषयीच्या अभिप्रायात हा तपशील कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या बदलामुळे वेबरचे पैसे वसूल झाले तो बदल हाच आहे.

नव्या इंजिनावर तेच तीन कार्बोरेटर, मोठ्या जेटांसह, आणि आकडा १६८. ६००० च्या आसपास ही शक्ती मिळते, आणि ३५०० नंतर गाडीचा आवाजच पालटतो. तुलनेसाठी सांगायचे, तर निसानने याच इंजिनाची १९८१ साली आलेली टर्बोची आवृत्ती, एल२८ईटी, गॅरेटचा टर्बो आणि ७.४ ला १ कॉम्प्रेशन घेऊन कारखान्यातूनच इंजिनावर १८० अश्वशक्ती देत होती, आणि तिला आणखी वाढवणे सोपे आहे. केवळ शक्ती हवी असेल तर तो मार्ग कमी खर्चाचा आहे. पायाच्या अंगठ्याइतक्या हालचालीला सहा सिलिंडरांनी एकदम दिलेला प्रतिसाद हवा असेल, तर मी पुन्हा वेबरच घेईन.

रोजच्या वापरात काही गोष्टी सोसाव्या लागतात. पूर्वी गॅलनला २० मैल मिळत, आता १६ मिळतात, म्हणजे लिटरला सात किलोमीटरही नाहीत. सॅक्रामेंटोच्या जुलैत पारा ४० अंशांवर जातो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत आले की खालच्या हेडरच्या उष्णतेने कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळलेले असते आणि इंजिन बराच वेळ फिरवावे लागते. उष्णतेचा पत्रा लावल्यावर हे कमी झाले, पूर्ण थांबले नाही. थंडीत सकाळी अॅक्सिलरेटर तीनदा दाबून, दोन मिनिटे पाय न काढता इंजिन धरून ठेवावे लागते. मागच्या कार्बोरेटरचे तोंड ब्रेकच्या बूस्टरजवळ येते, त्यामुळे तेथे पातळ फिल्टरच बसतो. घरात ही एकच गाडी असलेल्या माणसाला हा संच घ्या असे मी सांगणार नाही.

कार्बोरेटरांना पाचपैकी साडेचार, मॅनिफोल्ड आणि जोडणीला अडीच गुण देते, आणि अर्धा-अधिक त्रास वॉशरच्या एका पायरीने मिटला असता हे लक्षात घेता तो अडीचही मनावर दगड ठेवून दिला आहे.

गेल्या रविवारी महामार्गावरून आल्या आल्या इंजिन बंद केले, सहाही प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर क्रमाने मांडले आणि फोटो बाबांना पाठवला. मला सहाही खरपूस बिस्किटाच्या रंगाचे दिसत होते. त्यांचे उत्तर पुण्यातल्या पहाटे आले: “छान. तीन नंबरचा जरा काळा आहे.” भिंगाखाली पाहिले तेव्हा खरेच त्याच्या कडेला काजळीची बारीक रेघ होती. त्या नळीचा मिश्रणाचा स्क्रू एक-अष्टमांश फेरा आत घेतला आहे.